शिडाची नौका आणि किनाऱ्यावरची माणसे

दिवाळीच्या सुटीत लोळत वाचावे असे एक पुस्तक यंदा माझ्या हाती आले : जॅक लंडन या अमेरिकन लेखकाचे 'द क्रूझ ऑफ द स्नार्क'. ते १९११ साली प्रसिद्ध झाले. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते; तेव्हा एका हाताशी चिवड्याची वाटी आणि दुसऱ्या हाताशी शब्दकोश, असे वाचन चालले होते. समुद्र आमच्या ब्रह्मपुरीपासून शेकडो कोस दूर. आम्हांला पाणी ठाऊक ते वैनगंगेचे, तलावाचे नि बोडीचे. नाव ठाऊक ती ढिवराच्या डोंग्याची. तरीही हे पुस्तक मला परके वाटले नाही. असे का झाले, तेच वाचकांना सांगायचे आहे.

१९०७ साली लंडन आपली पत्नी शार्मियन आणि चार सोबती यांना घेऊन सॅन फ्रान्सिस्कोहून शिडाच्या नौकेतून निघाला. सात वर्षे जगभर हिंडायचे, असा बेत होता. नौकेचा अंदाज सात हजार डॉलरांचा. खर्च झाले तीस हजार! समुद्रात शिरल्यावर कळले की, कप्तान म्हणून घेतलेल्या गृहस्थांना ताऱ्या-सूर्यावरून नौकेची जागा काढता येत नाही. मग लंडनने पुस्तके उघडून ती विद्या स्वतःच शिकून घेतली आणि हवाई बेट गाठले. हे सारे तो स्वतःला हसत सांगतो. फजिती लपवणारा प्रवासी कंटाळवाणा होतो. फजिती सांगणारा आपला सोबती होतो. पुस्तकाचा पहिला गुण हा.

मराठीत समुद्र नाही असे नाही. कुसुमाग्रजांच्या 'विशाखा'त (१९४२) कोलंबसाचे गर्वगीत आहे, पु. ल. देशपांडे यांनी 'पूर्वरंग'मध्ये आपल्याला बाली बेटापर्यंत नेले. पण आमचा प्रवासवर्णनकार बहुधा तिकीट काढून बसलेला; सुकाणू दुसऱ्याच्या हाती. धाडसाची उणीव म्हणाल, तर तीही नाही. २००९-१० साली दिलीप दोंदे यांनी 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. २०१७-१८ साली नौदलातल्या सहा स्त्री-अधिकाऱ्यांनी 'तारिणी'तून गोव्याहून निघून तीच प्रदक्षिणा पुरी केली. दोन्ही नौका गोव्यातल्या दिवाडी बेटावर बांधलेल्या. दोंदे यांनी आपली कहाणी लिहिली, पण इंग्रजीत. सुकाणू धरणाऱ्या हाताचे मराठी गद्य घरोघरी पोचायचे अजून राहिले आहे, एवढेच मी म्हणेन.

लंडनचे पुस्तक सर्वांत सुंदर होते ते तहा बेटावर. तेहेई नावाचा कोळी आपल्या शिडाच्या होडीतून येतो आणि या अनोळखी नवराबायकोला घरी घेऊन जातो. तो आणि त्याची बायको बिहौरा पाहुण्यांना आपले घर मोकळे करून देतात, पोटभर जेवू घालतात आणि निघताना फळे-कोंबड्यांचा एवढा ढीग देतात की नौकेवर ठेवायला जागा पुरत नाही. लंडन इथे नम्र होतो. आपल्या देशात अनोळखी माणसाला असे कोणी घरात घेईल काय, असा विचार त्याच्या मनात येतो. मोलोकाई बेटावरही तो कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत राहतो, त्यांच्या नेमबाजीच्या स्पर्धेत भाग घेतो आणि या माणसांविषयीच्या भयंकर कथा खोट्या आहेत, असे निक्षून सांगतो. वरोऱ्याचे आनंदवन ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या प्रकरणाचे मोल अधिक कळेल.

आणि हाच लेखक सॉलोमन बेटांत पोचला की बदलतो. तिथे तो 'मिनोटा' नावाच्या जहाजावर चढतो. मळ्यांवर राबायला बेटांवरची माणसे गोळा करून न्यावीत, हा त्या जहाजाचा धंदा. मलाइता बेटापाशी ते खडकावर अडकते, होड्या भोवती जमतात, आणि लंडन एक थरारक हकीकत सांगतो. पण त्या होड्यांतल्या एकाचेही नाव आपल्याला नीट कळत नाही. ते नुसते 'रानटी' राहतात. त्यांच्या भावांना कोण, कुठे, किती वर्षांसाठी घेऊन गेले, हे तो विचारीत नाही. माझ्या वर्गातल्या काही मुलांचे आईबाप दर साल मिरची तोडायला तेलंगणात जातात. म्हणून असेल, पण त्या पानावर मी नौकेत बसलो नव्हतो. मी किनाऱ्यावर उभा होतो.

हा दोष दाखवण्याचा मला काय अधिकार? माझ्या पहिल्या कादंबरीत भामरागडकडच्या एका माडिया गावाचे प्रकरण आहे. ते मी तीन दिवसांच्या मुक्कामावर लिहिले. पुढे त्याच बाजूची, इथे वसतिगृहात राहून शिकणारी एक विद्यार्थिनी ते वाचून मला म्हणाली, "सर, तुमच्या पुस्तकात आमच्याकडचे लोक नुसते नाचूनच रायले जी. कामाला कधी जाते?" ती रागावली नव्हती, तिला खरोखरच कळत नव्हते. मला उत्तर देता आले नाही. लंडनचे ते प्रकरण वाचताना मला तिचाच आवाज ऐकू आला.

सात वर्षांचा बेत दोन वर्षांच्या आतच मोडला. बेटांवरच्या दुखण्यांनी सारेच जर्जर झाले. लंडनला सिडनीच्या इस्पितळात जावे लागले आणि नौका विकावी लागली. हा पराभवही त्याने प्रांजळपणे लिहिला आहे. म्हणून पुस्तक वाचावे, असेच मी म्हणेन. तेहेईचे प्रकरण तर मुलाबाळांना जवळ घेऊन मोठ्याने वाचावे. फक्त 'मिनोटा'पाशी क्षणभर थांबून मुलांना विचारावे, की त्या होडीतल्या माणसाने हीच गोष्ट कशी सांगितली असती?

सुटीनंतर शाळा उघडली की मी तो प्रश्न माझ्या वर्गात विचारणार आहे. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला नव्या कादंबरीतच द्यावे लागेल. आणि त्यासाठी तीन दिवस पुरणार नाहीत.