वाळवणाचे गणित आणि वाळवणाचा प्रश्न : फळे-भाजीपाला निर्जलीकरणविषयक संशोधनाची चिकित्सा

प्रस्तावना

शेतमाल टिकवण्याचा सर्वांत जुना उपाय म्हणजे तो वाळवणे. महाराष्ट्रात आंबोशी, आमसूल, सुकी मिरची, वाळवलेली गवार असे पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी तयार होत आले आहेत. गेल्या काही दशकांत हा घरगुती व्यवहार विद्यापीठीय संशोधनाचा विषय झाला. कृषी अभियांत्रिकी, अन्नतंत्रज्ञान, उद्यानविद्या, गृहविज्ञान, रसायनशास्त्र व पदार्थविज्ञान अशा अनेक शाखांतील अभ्यासक फळे व भाज्यांच्या निर्जलीकरणावर शोधनिबंध लिहीत आहेत. विषय अनेक शाखांचा असल्यामुळे त्याची चिकित्साही एका शाखेच्या चौकटीत होणे कठीण आहे.

प्रस्तुत लेखात या संशोधनाची तीन अंगे तपासली आहेत : नुकसानीची आकडेवारी, वाळण्याची गणिती प्रतिमाने आणि प्रत्यक्ष प्रक्रिया. त्यासाठी बेदाणानिर्मितीचे उदाहरण घेतले आहे. हे संशोधन पदार्थातून पाणी किती वेगाने गेले ते काटेकोरपणे मोजते. मात्र पाणी गेल्यानंतर काय उरले आणि ते किती खर्चात साध्य झाले, हा प्रश्न बहुधा अनुत्तरित ठेवते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

नुकसानीचा आकडा

या विषयावरील शोधनिबंधांची सुरुवात बहुधा एकाच वाक्याने होते : देशातील तीस ते चाळीस टक्के फळे व भाजीपाला काढणीनंतर वाया जातो. हा आकडा इतक्या वेळा उद्धृत झाला आहे की त्याचा मूळ आधार शोधण्याची गरज कोणास वाटत नाही. एक निबंध दुसऱ्याचा हवाला देतो, दुसरा तिसऱ्याचा. आणि प्रत्यक्ष मोजणी कोणी, कोठे, कोणत्या टप्प्यावर केली हे अंधारातच राहते.

वस्तुतः मोजणी उपलब्ध आहे. लुधियाना येथील केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत फळे व भाजीपाल्याचे नुकसान पिकानुसार ४.५८ ते १५.८८ टक्के इतके आढळले. सर्वाधिक प्रमाण पेरूचे होते. २०२२ च्या नॅबकॉन्सच्या पाहणीत फळांसाठी ६.०२ ते १५.०५ आणि भाजीपाल्यासाठी ४.८७ ते ११.६१ टक्के अशी मर्यादा दिसते. हे आकडे लहान नाहीत. पण ते प्रचलित आकड्याच्या निम्म्याहूनही कमी आहेत.

येथे प्रश्न केवळ अचूकतेचा नाही. फुगवलेला आकडा संशोधनाची दिशा ठरवतो. नुकसान सर्वत्र आणि सारखेच आहे असे गृहीत धरले की कोणत्याही फळावरील कोणताही प्रयोग समर्थनीय ठरतो. उलट पीकनिहाय मोजणी समोर ठेवली तर कोणत्या मालाला शीतगृह हवे, कोणत्याला चांगले क्रेट पुरेसे आहेत आणि कोणता माल वाळवणे खरोखर हिताचे आहे, असे वेगवेगळे प्रश्न उभे राहतात. शिवाय या पाहण्या प्रामुख्याने मालाच्या प्रमाणातील घट मोजतात. टोमॅटोचा भाव कोसळल्यामुळे शेतातच सोडून दिलेल्या पिकाचे दुःख टक्केवारीत पूर्णपणे उतरत नाही. वाळवणाची गरज पुष्कळदा कुजण्यापेक्षा भावाच्या पडझडीतून निर्माण होते, याची नोंद निबंधांच्या प्रस्तावनेत क्वचितच आढळते.

वक्राची जुळणी

या संशोधनाचा दुसरा, आणि संख्येने सर्वांत मोठा, भाग पातळ थरातील वाळण्याच्या प्रतिमानांचा आहे. डब्ल्यू. के. लुईस यांनी १९२१ मध्ये घन पदार्थांच्या वाळण्याच्या वेगाचा विचार मांडला. १९४९ मध्ये पेज यांनी मक्याच्या दाण्यांच्या अभ्यासात त्या घातांकी समीकरणाला एक जादा स्थिरांक जोडला. पुढे हेंडरसन व पेबिस यांचे आणि २००२ मध्ये मिडिली व सहकाऱ्यांचे समीकरण आले. या परंपरेचे मोल नाकारता येणार नाही. वाळवणयंत्राचा आकार, हवेचा प्रवाह व लागणारा वेळ ठरवण्यासाठी अशी समीकरणे आवश्यकच असतात.

अडचण त्यांच्या यांत्रिक वापरात आहे. एखादे फळ निवडायचे, त्याच्या चकत्या पन्नास, साठ व सत्तर अंश सेल्सिअसला वाळवायच्या, वजनाच्या नोंदींवर दहा-बारा समीकरणे बसवायची आणि ज्याचा निर्धारण गुणांक एकाच्या सर्वांत जवळ तो 'सर्वोत्तम' घोषित करायचा, असा साचा रूढ झाला आहे. चार स्थिरांकांचे समीकरण एका स्थिरांकाच्या समीकरणापेक्षा नोंदींशी अधिक जुळणे स्वाभाविक आहे. त्यात फळाविषयी नवे ज्ञान असतेच असे नाही. पेज यांच्या समीकरणातील घातांकाला स्वतंत्र भौतिक अर्थ लावणे अवघड आहे. तरीही प्रत्येक फळासाठी तो दशांश चिन्हानंतर चार अंकांपर्यंत नोंदवला जातो.

याच निबंधांत विसरण गुणांकही काढला जातो. त्यासाठी वापरली जाणारी क्रँक यांची सोडवणूक पदार्थाचा आकार स्थिर आहे आणि गुणांक सर्वत्र समान आहे असे मानते. पिकलेल्या फळाची चकती मात्र वाळताना आक्रसते, वाकते, तिच्या पृष्ठभागावर कठीण कवच तयार होते. गृहीतक व वास्तव यांतील हे अंतर अनेक निबंध एका वाक्यात मान्य करतात आणि पुढच्या परिच्छेदात विसरतात. तसेच 'पातळ थर' ही प्रयोगशाळेतील सोय आहे. प्रत्यक्ष शेडमध्ये एकावर एक अनेक थर असतात. खालच्या थरातून आलेली ओलसर हवा वरच्या थराला मिळते. तेथे एका चकतीचे समीकरण अपुरे पडते.

बेदाण्याचा धडा

सांगली जिल्ह्यातील तासगाव, मिरज व कवठेमहांकाळ परिसरातील बेदाणानिर्मिती या संदर्भात बोलकी आहे. द्राक्षमण्याच्या सालीवर मेणाचा सूक्ष्म थर असतो. तो पाण्याला अडवतो. म्हणून प्रक्रिया न केलेले मणी वाळण्यास तीन ते चार आठवडे लागू शकतात. सुमारे अडीच टक्के पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड टक्का इथिल ओलिएट असलेल्या पाण्यात घड काही मिनिटे बुडवले की मेणाची रचना बदलते, पाण्याला वाट मिळते आणि सावलीतील जाळ्यांवर साधारण दोन आठवड्यांत बेदाणा तयार होतो.

या तंत्राचे मूळ फार जुने आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन कृषिलेखक कोल्युमेला याने राखेच्या उकळत्या पाण्यात थोडे तेल घालून द्राक्षे बुडवण्याची रीत वर्णन केली आहे. भूमध्य सागराच्या परिसरातून ती रीत ऑस्ट्रेलियात गेली आणि तेथे सुधारलेले थंड द्रावण पुढे भारतात रुजले. 'तास-ए-गणेश' ही बेदाण्यासाठीही वापरली जाणारी द्राक्षजात तासगाव भागातील शेतकऱ्याच्या निवडीतून आली. या उदाहरणात निर्णायक ठरले ते सालीच्या स्वरूपाचे आकलन, स्थानिक हवामान आणि शेतकऱ्याची निवड.

ऊर्जेचा हिशेबही उद्‌बोधक आहे. साधारण चार किलो द्राक्षांपासून एक किलो बेदाणा मिळतो, म्हणजे सुमारे तीन किलो पाणी जावे लागते. एक किलो पाण्याचे बाष्पीभवन होण्यास साधारण २.४ मेगाज्यूल उष्णता लागते. म्हणजे एका किलो बेदाण्यामागे निदान सात मेगाज्यूल, अर्थात सुमारे दोन युनिट, ऊर्जा खर्च होते. विजेच्या वाळवणयंत्राची कार्यक्षमता निम्मी धरल्यास चार युनिट. सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यातील फेब्रुवारी ते एप्रिलची कोरडी हवा हे काम विनामूल्य करते. असा साधा हिशेब यांत्रिक वाळवणावरील प्रत्येक निबंधात असावयास हवा. बहुधा तो नसतो. दुसऱ्या बाजूस, याच काळात अवकाळी पाऊस आला की बेदाणा काळा पडतो आणि वर्षाची कमाई जाते. शेतकऱ्याला यंत्र हवे असते ते वर्षभरासाठी नव्हे, त्या चार-आठ दिवसांसाठी. संकटकाळापुरते, कमी भांडवलाचे पूरक वाळवण कसे असावे, हा संशोधनाचा खरा प्रश्न आहे.

गुणवत्ता आणि बाजार

पदार्थ किती सुका झाला यापेक्षा तो सुरक्षित झाला का, हे महत्त्वाचे. १९५० च्या दशकात ऑस्ट्रेलियातील डब्ल्यू. जे. स्कॉट यांनी जलक्रियाशीलतेची संकल्पना सूक्ष्मजीवांच्या वाढीशी जोडली. जलक्रियाशीलता ०.६ च्या खाली गेली की सूक्ष्मजीवांची वाढ थांबते. तरी अनेक निबंध केवळ आर्द्रतेची टक्केवारी देऊन थांबतात. क जीवनसत्त्वाची हानी, रंग, पुन्हा पाणी शोषण्याची क्षमता आणि चव यांची मोजणी असली तरी ती वक्राच्या विश्लेषणानंतर परिशिष्टासारखी येते. बेदाण्याचा रंग टिकवण्यासाठी दिलेली गंधकाची धुरी भाव वाढवते. मात्र दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइटचा त्रास होतो. सौद्यात रंगाला मिळणारा भाव आणि ग्राहकाचे आरोग्य यांतील हा ताण अभियांत्रिकीच्या निबंधात बसत नाही, म्हणून तो बाहेरच राहतो.

याबाबतीत पारंपरिक वाळवण अधिक समग्र होते. कोकमाच्या साली मीठ घातलेल्या त्यांच्याच रसात पुनःपुन्हा भिजवून वाळवल्या जातात. त्यात टिकाऊपणा, आंबटपणा आणि रंग यांचा विचार एकाच क्रियेत होतो. कोणत्या टप्प्यावर थांबायचे हे ठरवणाऱ्या गृहिणीकडे समीकरण नव्हते. परंतु पदार्थ कोणत्या आमटीत पडणार आहे हे तिला ठाऊक होते.

निष्कर्ष

गणिती प्रतिमानांचा अभ्यास सोडून द्यावा असा या चिकित्सेचा आशय नाही. तो साधनाच्या जागी असावा, साध्याच्या नव्हे. नुकसानीचा आकडा उद्धृत करताना मूळ पाहणी, वर्ष व पीक यांचा निर्देश असावा. प्रतिमानांची तुलना करताना स्थिरांकांची संख्या विचारात घ्यावी. प्रत्येक निबंधात जलक्रियाशीलता, प्रति किलो ऊर्जा आणि अंदाजित खर्च या तीन नोंदी असाव्यात. महाविद्यालयीन पातळीवर हे काम अशक्य नाही. तराजू, तापमापक व हवेची आर्द्रता मोजणारे साधे उपकरण घेऊन एका हंगामात एका शेडमधील खालच्या व वरच्या जाळीवरील माल मोजला, तर तेराव्या समीकरणापेक्षा अधिक उपयुक्त माहिती मिळेल. त्यात पदार्थविज्ञान, वाणिज्य व गृहविज्ञान या विभागांना एकत्र काम करता येईल.

पदोन्नतीसाठी निबंधांची संख्या मोजली जाते तोवर वक्रांची जुळणी चालूच राहणार, हे उघड आहे. परंतु अवकाळी ढगाकडे पाहत जाळ्यांवर ताडपत्री ओढणाऱ्या उत्पादकाला या संशोधनातून काय मिळाले, हा निकष परीक्षकांनी आणि मार्गदर्शकांनी लावल्यावाचून या विद्याशाखेचे सामाजिक प्रयोजन सिद्ध होणार नाही.