उर्वशी 'नाही' म्हणते तेव्हा : ऋग्वेद १०.९५ वाचताना

पुरूरवा आणि उर्वशीची गोष्ट कुणालाही विचारा, साधारण एकच उत्तर येतं. स्वर्गातली अप्सरा, पृथ्वीवरचा राजा, दोघांचं प्रेम, मग ताटातूट, राजा वेड्यासारखा रानोमाळ भटकतो आणि शेवटी मीलन. ही गोष्ट कालिदासाच्या 'विक्रमोर्वशीय'मधून आपल्यापर्यंत आली आहे. पण ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं ९५ वं सूक्त उघडलंत तर तिथे मीलन सापडत नाही. तिथे एक अमर स्त्री घर सोडून गेलेली आहे, तिचा आधीचा नवरा तिच्या मागे आलेला आहे, आणि ती त्याला सांगतेय की घरी जा.

प्राचीन साहित्यावर काम करायचं ठरवलं असेल तर हे सूक्त एकदा गोष्ट बाजूला ठेवून वाचा. वाटतं तेवढं ते सोपं नाही. कारण सूक्तात गोष्ट सांगणारा कुणी नाहीच. अठरा ऋचा आहेत, सगळ्या संवादाच्या. 'मग राजा म्हणाला' असं कुठेही येत नाही. अनुक्रमणीच्या हिशोबाने नऊ ऋचा त्याच्या आणि नऊ तिच्या, पण दोन-तीन ऋचा नेमक्या कुणाच्या यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. म्हणजे तुम्ही संवाद वाचता तेव्हा कोण बोलतंय हे आधीच कुणीतरी ठरवून दिलेलं असतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मी सुचवेन की एका कागदावर दोन रकाने करा. एका बाजूला तो काय मागतो, दुसऱ्या बाजूला ती काय म्हणते. सुरुवातीला तो म्हणतो, थांब, आपण बोलू या. मनातलं आज बोललो नाही तर पुढे सुख लागणार नाही. ऐकायला किती समजूतदार! ती म्हणते, तुझ्या या बोलण्याचं मी करू काय? मी पहिल्या उषेसारखी निघून गेले, वाऱ्यासारखी हाती न लागणारी आहे, तू परत जा. मग तो जुन्या आठवणी काढतो. ती म्हणते, मी त्याच दिवशी तुला सांगितलं होतं, तू ऐकलं नाहीस, आता कशाला बोलतोस? मग तो मुलाला पुढे करतो : मुलगा जन्मेल, बापाला शोधेल, रडेल, सासरच्या घरी अग्नी पेटता असताना एकमेकांवर जीव असलेल्या जोडप्याला कोण तोडेल? ती म्हणते, तुझं जे आहे ते तुझ्याकडे पाठवीन, पण तू घरी जा. मी तुला मिळणार नाही. इथे ती त्याला सरळ मूर्ख म्हणते. त्याच्या रकान्यात दर वेळी नवा युक्तिवाद येतो. तिच्या रकान्यात तेच उत्तर राहतं.

आता पाचवी ऋचा. हिच्यावर थोडं थांबू या, कारण शोधनिबंधात एका शब्दावर किती काय अवलंबून असतं ते इथे दिसतं. तू दिवसातून तीनदा माझ्याकडे यायचास, असं उर्वशी म्हणते, आणि त्याला जोडून एक शब्द येतो : 'अव्यत्यै'. ऋग्वेदात हा शब्द दुर्मीळ, त्यामुळे इतर ठिकाणचे प्रयोग ताडून अर्थ पक्का करण्याची सोय नाही. शतपथ ब्राह्मणाने (११.५.१) ही गोष्ट सांगताना उर्वशीच्या तोंडी तीन अटी घातल्या आहेत. त्यातली एक अशी की माझी इच्छा नसताना माझ्याजवळ येऊ नकोस. तिथला शब्द आहे 'अकामा'. म्हणजे शतपथकाराच्या कानाला हा शब्द 'इच्छा नसलेली' असाच लागलेला दिसतो. आजचे बरेच अनुवाद याच दिशेने जातात. पण चौदाव्या शतकात विजयनगरच्या काळात भाष्य लिहिणारे सायणाचार्य वेगळं सांगतात. त्यांच्या मते अर्थ असा, की जिला सवतींबरोबर पाळी लावावी लागत नाही ती. म्हणजे मी तुझी एकटीच होते, मला सवत नव्हती.

बघा काय झालं. पहिला अर्थ घेतला तर ही तक्रार आहे : मला नको असताना तू आलास, तू माझ्या देहाचा राजा होतास. दुसरा घेतला तर हीच ऋचा सुखी संसाराची आठवण होते. मूळ अक्षरं तीच. एका वाचनात ती का निघून गेली याचं कारण सूक्ताच्या आत मिळतं, दुसऱ्यात ते बाहेरून, शापातून किंवा गंधर्वांच्या कारस्थानातून आणावं लागतं. मला पहिलं वाचन जास्त पटतं. शतपथ सायणाहून कितीतरी जुनं आहे हे एक कारण. शिवाय अकराव्या ऋचेतलं 'तू ऐकलं नाहीस' त्याच्याशी जुळतं. तुम्हाला दुसरं पटलं तर तसं लिहा, पण दोन अर्थ आहेत हे न सांगता एकावर प्रकरण उभं करू नका.

चौदाव्या ऋचेत सगळे युक्तिवाद संपतात आणि धमकी येते. मी आज दूर निघून जाईन, कधीच परतणार नाही, मृत्यूच्या मांडीवर निजेन, लांडगे मला खातील. 'तू नाही आलीस तर मी जिवाचं बरंवाईट करीन' हे वाक्य आजच्या मराठीतही आपल्याला पाठ आहे. आपली वर्तमानपत्रं अशा बातमीला 'एकतर्फी प्रेमातून' असा मथळा देतात. 'प्रेम' हा शब्द त्यात कसा टिकून राहतो, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

त्यावर उर्वशी जे म्हणते, ते या सूक्तातलं सर्वात जास्त उचललं गेलेलं वाक्य असावं. बायकांशी मैत्री टिकत नसते, त्यांची काळजं हिंस्र श्वापदांची असतात, अशा अर्थाचं. हे अर्धवाक्य सुटं करून दोन्हीकडचे लोक वापरतात. एक जण म्हणतो, बघा, वेदांनीच सांगितलंय बायका कशा असतात. दुसरा म्हणतो, बघा, वेद किती स्त्रीद्वेष्टे आहेत. दोघंही हे कोण कुणाला कधी म्हणतंय ते सांगत नाहीत. त्याच ऋचेच्या पहिल्या अर्ध्यात ती म्हणते, पुरूरव्या, मरू नकोस, लांडग्यांना तुला खाऊ देऊ नकोस. म्हणजे धमकी तिने हलक्यात घेतलेली नाही, त्याचा जीव तिला हवा आहे, फक्त तो वाचवण्यासाठी परत जायला ती तयार नाही. मग त्याचा पीळ सुटावा म्हणून ती स्वतःलाच वाईट ठरवते : आम्ही असल्याच, सोड माझा नाद. सूक्तात इतकी मोकळी करुणा दुसरीकडे नाही, आणि नेमकं तेच वाक्य म्हणीसारखं फिरत राहिलं.

पुढच्या ऋचेत ती हिशोब देते. मी वेगळ्या रूपात माणसांत राहिले, चार शरद ऋतूंच्या रात्री काढल्या, दिवसाकाठी तुपाचा एक थेंब खाल्ला, त्यावर तृप्त होऊन चालले आहे. तुमच्या घरातून मी काय घेतलं, तर थेंबभर तूप! शेवटी ती त्याला 'मृत्यूशी नातं असलेला' म्हणते. तिचं अमरत्व सूक्तात शोभेला नाही. त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट तिच्यासाठी चार शरद आहेत, आणि हे त्याला पोचत नाही म्हणून तो धावतोय.

शतपथात या संवादाभोवती कथा बांधली आहे. गंधर्व तिची कोकरं पळवतात, राजा तसाच नागडा उठून धावतो, वीज चमकते, अट मोडते, ती जाते. तो कुरुक्षेत्रात भटकत एका कमळांच्या तळ्याशी येतो, तिथे अप्सरा पक्षी होऊन पोहत असतात. मग संवादातल्या काही ऋचा येतात, आणि शतपथ म्हणतं की ऋग्वेदी लोक हा संवाद पंधरा ऋचांचा सांगतात. आपल्या हातात अठरा आहेत. तीन ऋचा मागाहून आल्या, की शतपथकारापुढे वेगळी परंपरा होती? विषय शोधत असाल तर हा धागा धरण्यासारखा आहे. पण माझं लक्ष पुढच्या छोट्या वाक्याकडे जातं : तिचं हृदय द्रवलं. सूक्तभर पुरलेला नकार एका वाक्यात संपतो. कारणही कळतं. शतपथाला पुरूरव्याला वर्षाच्या शेवटी एका रात्रीची भेट द्यायची आहे, मग मुलगा, मग अरणी घासून अग्नी, आणि त्या यज्ञाने तो स्वतः गंधर्व होतो. यज्ञात खालच्या-वरच्या अरणींना उर्वशी आणि पुरूरवा म्हणतातच. लाकडाला 'नाही' म्हणता येत नाही.

कालिदासाकडे तर ती चौथ्या अंकात वेल होते. स्त्रियांना बंदी असलेल्या कुमारवनात ती पाऊल टाकते आणि तिचं वेलीत रूपांतर होतं. राजा मोराला, कोकिळेला, हंसाला, नदीला विचारत फिरतो. काव्य म्हणून अंक अप्रतिम आहे, त्यात वाद नाही. पण पाठलाग करणारा अंकभर बोलतोय आणि जिचा पाठलाग चाललाय तिला तोंडच नाही.

आधुनिक अभ्यासकांत मॅक्स म्युलरने १८५६ मध्ये पुरूरवा म्हणजे सूर्य आणि उर्वशी म्हणजे उषा असं मांडलं. आज ते कुणी फारसं धरून बसत नाही. दामोदर धर्मानंद कोसंबींचं 'मिथ अँड रिॲलिटी' (१९६२) मात्र टाळू नका. त्यांच्या मते हा एका प्राचीन विधीचा संवाद आहे : मुलाची सोय झाली की पुरूरव्याचा बळी जाणार, म्हणून तो गयावया करतो. कोसंबींनी उर्वशीला तिचा दरारा परत दिला, हे मोठं काम. माझी अडचण एवढीच की त्यात सूक्तातला पाठलाग उलटा होतो. धोका तिच्याकडून त्याला आहे असं ठरतं, आणि ती दोनदा त्याला 'घरी जा' म्हणते तिथे घर या शब्दाला साध्याहून वेगळा अर्थ द्यावा लागतो.

आणि मग भागवत. अकराव्या स्कंधाच्या सव्विसाव्या अध्यायात ऐलगीता आहे, म्हणजे या पुरूरव्याचाच पश्चात्ताप. मराठी घरांत हा भाग एकनाथी भागवतातून पोचलेला आहे. वैराग्याचा उपदेश म्हणून आपण तो सोडून देतो. पण तिथे पुरूरवा म्हणतो की देवीने सूक्तातल्या शब्दांनी मला समजावलं होतं, तरी माझ्या डोक्यातला मोह गेला नाही. आणि पुढे : तिने माझं काय वाकडं केलं? दोरीला साप समजणाऱ्याचं दोरीने काय बिघडवलेलं असतं? म्हणजे ऋग्वेदातला तिचा नकार कुणी ऐकला असेल तर तो या संन्यासी ग्रंथातल्या पुरूरव्याने, स्वतःच्या तोंडून. पुढच्याच काही श्लोकांत तो स्त्रीदेहाच्या किळसवाण्या वर्णनाकडे वळतो, तेही वाचा. दोन्ही भाग एकाच अध्यायात, लागूनच आहेत.