बिनशिराची बाई : मातीतला देह आणि आपली नजर

मराठीने भांड्याला केव्हाच देह देऊन टाकला आहे. माठाला पोट असते, गळा असतो, तोंड आणि बूड असते; उलट देहाला आपण 'घट' म्हणतो. त्यामुळे मातीच्या शिल्पातला स्त्रीदेह पाहताना तो सुंदर आहे की नाही, यापेक्षा तो कुठून पाहिला आहे, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले. ताम्रपाषाणयुगीन जोर्वे संस्कृतीच्या एका घरात, जमिनीखाली, कच्च्या मातीची एक डबी सापडली. तिच्यासोबत बिनशिराची एक स्त्री, शीर असलेली दुसरी स्त्री आणि एक बैल. बिनशिरीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला भोके आहेत. काडी घालून तिला बैलावर बसवता येते. म. के. ढवळीकरांनी तिच्यात सुफलतेची मातृदेवता पाहिली. रा. चिं. ढेरे यांच्या 'लज्जागौरी' (1978) या ग्रंथाने अशा मूर्तींना रेणुका-यल्लम्मेच्या परंपरेशी जोडले. माहूरला तर नेमके उलटे आहे : तिथे पुजला जातो तो केवळ मुखाचा तांदळा.

सुफलतेचा अर्थ मला मान्य आहे, पण अपुरा वाटतो. शीर नाही म्हणजे व्यक्तित्व पुसले, असे आजची वाचक चटकन म्हणेल. तिचा संशय निराधार नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत स्टेशनाबाहेर वजन घटवण्याच्या जाहिरातींत 'आधी' आणि 'नंतर' अशी दोन पोटे शेजारी शेजारी असतात, चेहरा कापलेला. दोन बाळंतपणांनंतर त्यातले 'आधी'चे पोट माझेच आहे, हे मला कुणी सांगावे लागत नाही.

दोन्ही बायका बिनशिराच्या; फरक नजरेचा आहे. जाहिरातीतले पोट परक्याने समोरून पाहावे, मापावे, तुलना करावी म्हणून मांडलेले असते. इनामगावची मूर्ती घराच्या जमिनीत ठेवलेली होती. ती मिरवण्यासाठी नव्हती. हाताने घडवण्यासाठी, हातात घेऊन बैलावर बसवण्यासाठी होती. भट्टीत न भाजल्यामुळे ती टिकावी असा हट्टही तिच्यात दिसत नाही. तिचे बेढबपण हा घडवणाऱ्या हाताचा ओबडधोबडपणा असेलही. पण तो लपवण्याची गरज त्या हाताला वाटलेली नाही.

इथे कुंभाराचे तंत्र मदतीला येते. चाकावर मडक्याचे पोट फुगते ते आतल्या हाताच्या दाबाने. बाहेरचा हात फक्त आधार देतो. नंतर थापटण्याने ठोकतानाही आतून दगडाचा आधार लागतोच. ठाणे जिल्ह्यातल्या भाईंदरला काम करणाऱ्या, 2013 साली पद्मश्री मिळालेल्या ब्रह्मदेव राम पंडितांची भांडी पाहताना हेच जाणवते : पोट हा तिथे दोष नाही, तीच भांड्याची क्षमता आहे. गोरोबाकाकांच्या आख्यायिकेतही मडके कच्चे की पक्के, हे दिसण्यावरून नव्हे, थापटण्याच्या आवाजावरून कळते.

म्हणून देहप्रतिमेवर काम करणाऱ्या आजच्या मृत्तिकाशिल्पाकडे मी एकच कसोटी घेऊन जाते. जाड देह घडवला, सुरकुत्या दाखवल्या, एवढ्याने नजर बदलत नाही. तो देहही दर्शकासमोर तपासणीसाठीच उभा असू शकतो. शिल्पाचा आकार आतून ढकलला गेला आहे की बाहेरून कापला गेला आहे? इनामगावच्या अनामिक हाताने या प्रश्नाचे उत्तर तीन हजार वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे.