‘द बाइट ऑर्डर फॅलसी’ : ड्रायव्हरच्या बाजूने एक चिकित्सक वाचन

रॉब पाइक यांचे २०१२ मधील ‘द बाइट ऑर्डर फॅलसी’ हे छोटे टिपण सिस्टिम्स प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या प्रत्येकाने वाचावे असे आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : आपला प्रोसेसर लिटल-एंडियन आहे की बिग-एंडियन, हा प्रश्न विचारूच नये. डेटाचा बाइट-क्रम कोणता, एवढेच पाहावे आणि एकेक बाइट घेऊन, शिफ्ट करून संख्या जुळवावी. असा कोड कोणत्याही यंत्रावर न बदलता चालतो. प्रत्येक प्रोसेसरसाठी वेगळी ‘इफडेफ’ लिहावी लागत नाही.

नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर लिहिताना हा सल्ला कितपत पुरतो, ते आपण तपासू.

जिथे सल्ला पुरतो

पॅकेटच्या हेडरसाठी तो पूर्ण पुरतो. इंटरनेट प्रोटोकॉलच्या हेडरांत बिग-एंडियन क्रम ठरलेला आहे. इथरनेट फ्रेममध्ये आयपीव्ही४ ची खूण हेक्स ०८०० असते, म्हणजे आधी ०८ आणि मग ००. लिटल-एंडियन यंत्राने हे दोन बाइट थेट १६ बिटांची संख्या म्हणून वाचले, तर २०४८ ऐवजी ८ मिळतात. पहिला बाइट आठ बिट डावीकडे सरकवून त्याला दुसरा जोडला, की उत्तर सगळीकडे २०४८ येते.

जिथे तो अपुरा पडतो

ड्रायव्हरमध्ये बाइट-क्रमाचा प्रश्न आणखी दोन ठिकाणी येतो : डिस्क्रिप्टर आणि रजिस्टर.

डिस्क्रिप्टर मेमरीत असतो आणि तो प्रोसेसर व कार्ड दोघेही हाताळतात. रिअलटेक ८१६९ कार्डाच्या डिस्क्रिप्टरमध्ये ३२ बिटांच्या एकाच लिटल-एंडियन फील्डमध्ये लांबी आणि मालकीचा बिट असे दोन्ही असतात. मालकीचा बिट १ झाला, की डिस्क्रिप्टर कार्डाच्या ताब्यात जातो. हे फील्ड एकेक बाइट करून लिहिले, तर लांबी पूर्ण लिहून होण्याआधीच कार्ड तो ताबा घेऊ शकते. म्हणून संख्या आधी पूर्ण रूपांतरित करून एकाच वेळी लिहावी लागते.

रजिस्टरची गोष्ट वेगळी. लिनक्समधले ‘राइट-एल’ हे फंक्शन उपकरण लिटल-एंडियन आहे असे धरून रूपांतर स्वतःच करते. त्याआधी आपण ‘सीपीयू-टू-एलई-३२’ वापरले, तर बिग-एंडियन यंत्रावर बाइट दोनदा उलटतात आणि कार्डाला चुकीची संख्या मिळते.

चूक लपते कशी?

खरा धोका इथे आहे. एक्स८६ लिटल-एंडियन असल्यामुळे त्यावर ‘सीपीयू-टू-एलई-३२’ काहीच करत नाही. ते विसरले किंवा जास्तीचे लिहिले, तरी प्रयोगशाळेतल्या संगणकावर ड्रायव्हर व्यवस्थित चालतो. याउलट पोर्ट क्रमांकासाठी ‘एच-टू-एन-एस’ विसरलात, तर ८०८० चे ३६८९५ होते आणि चूक लगेच कळते. म्हणजे नेटवर्क-क्रमाची चूक स्वतःहून समोर येते, उपकरण-क्रमाची येत नाही. त्यामुळे ‘माझ्याकडे चालते’ हा इथे पुरावा ठरत नाही.

यावर पाइक यांचे टिपण चांगल्या सवयीपलीकडे काही देत नाही. लिनक्स कर्नल मात्र देतो. त्यात ‘एलई-३२’ आणि ‘बीई-३२’ असे वेगळे टाइप आहेत. सी कंपायलरला ते साधे ३२ बिटांचे पूर्णांकच दिसतात. पण ‘स्पार्स’ हे तपासणीचे साधन त्यांची सरमिसळ झाली की इशारा देते. कर्नल बांधताना मेक आज्ञेला ‘सी=१’ जोडले, की ही तपासणी होते. जोडीला क्यूईएमयूवर बिग-एंडियन यंत्र उभे करून ड्रायव्हर चालवून पाहावा.

मूल्यमापन

उपकरणाचा बाइट-क्रम महत्त्वाचा असतो, हे पाइक मान्य करतात. कंपायलर लिहिणाऱ्यांसारख्यांचा अपवादही करतात. त्यामुळे त्यांचे टिपण चुकीचे ठरत नाही. ‘हा डेटा कोणत्या क्रमात आहे?’ हा त्यांचा प्रश्न ड्रायव्हरमध्येही पहिलाच असला पाहिजे. पण त्यांचा उपाय बाइटांच्या प्रवाहासाठी आहे. प्रोसेसर आणि कार्ड एकच मेमरी वापरतात तिथे आणखी दोन प्रश्न विचारावे लागतात : हे लेखन एकाच वेळी व्हायला हवे का? आणि रूपांतर आधीच कोणी करत आहे का?

स्वाध्याय : लिनक्समधील कोणत्याही एका नेटवर्क ड्रायव्हरचा डिस्क्रिप्टर काढा आणि त्यातील प्रत्येक फील्डसाठी हे तिन्ही प्रश्न सोडवा.