राउटर : पेटी की काम?

संगणकाच्या शालेय पुस्तकांत राउटरची व्याख्या साधारण अशी आढळते : दोन किंवा अधिक नेटवर्क जोडणारे उपकरण म्हणजे राउटर. शेजारी अँटेना असलेल्या पेटीचे चित्र असते. ही व्याख्या चुकीची नाही. आक्षेप इतकाच, की ती वस्तूचे नाव सांगते आणि काम झाकून ठेवते. शिवाय घरातल्या त्या पेटीत राउटरसोबत स्विच आणि वाय-फायही बसवलेले असतात. त्यातला राउटर कोणता, हे चित्रावरून कसे कळावे?

मुळात राउटर हा संगणकच होता. 1969 साली अमेरिकेत आर्पानेट सुरू झाले, तेव्हा संदेश पुढे धाडण्याचे काम हनीवेलच्या डीडीपी-516 या लघुसंगणकांकडे होते. 1986 मध्ये एनएसएफनेटच्या मुख्य जाळ्यावर एलएसआय-11 संगणक होते. डेव्हिड मिल्स यांची 'फझबॉल' ही आज्ञावली त्यांच्याकडून राउटरचे काम करून घेई.

मग वर्गातही संगणकच का वापरू नये? लिनक्स असलेले तीन जुने संगणक घ्या. त्यांना क, ख, ग म्हणू. मधल्या ख मध्ये दोन नेटवर्क कार्डे हवीत. एका कार्डाला 192.168.1.1 हा पत्ता द्या व ते क ला (192.168.1.10) जोडा. दुसऱ्याला 192.168.2.1 द्या व ते ग ला (192.168.2.10) जोडा. सर्वत्र मास्क 255.255.255.0 ठेवा. क ला गेटवे म्हणून 192.168.1.1 सांगा, ग ला तूर्त गेटवे देऊ नका.

आता क वरून 'पिंग' करा. ख च्या दोन्ही पत्त्यांकडून उत्तर येते, ग कडून येत नाही. दोन कार्डे बसवली म्हणून संगणक राउटर होत नाही, हा पहिला धडा. लिनक्समध्ये आयपी फॉरवर्डिंगचे मूल्य सहसा 0 असते, म्हणजे दुसऱ्याचे पॅकेट आले तर ते टाकून दिले जाते. ख वर ते 1 करा. तरीही उत्तर नाही! पॅकेट ग पर्यंत पोचते, पण परतीची वाट ग ला ठाऊक नसते. ग ला 192.168.2.1 हा गेटवे दिला, की उत्तर येते. जाण्याचा आणि येण्याचा मार्ग वेगवेगळा सांगावा लागतो, हा दुसरा धडा. उत्तरातला टीटीएल हा आकडाही पाहा. ग ने 64 पाठवलेला असतो, क ला 63 मिळतो. वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. त्यामुळे वाट चुकलेले पॅकेट जाळ्यात कायम फिरत राहत नाही.

मोठ्या राउटरांत हे काम खास चिप करतात आणि साध्या संगणकाला तो वेग गाठता येत नाही, हे खरे. घरासाठी पेटीच सोयीची, हेही मान्य. पण शाळेत प्रश्न वेगाचा नाही, समजुतीचा आहे. पेटी बिघडली की बदलता येते. तिच्यात काय चालते ते मात्र दिसत नाही. वरच्या मांडणीत दोनदा अडते आणि दोन्ही वेळा कारण शोधता येते.

म्हणून व्याख्येत दुरुस्ती सुचवावीशी वाटते : आलेल्या पॅकेटवरचा पत्ता वाचून, मार्गांचा तक्ता पाहून, ते योग्य जोडणीवर पुढे पाठवण्याचे काम करतो तो राउटर. मग तो पेटीत असो वा अडगळीतल्या संगणकात. शाळेतले जुने संगणक भंगारात देण्यापूर्वी त्यांतले तीन बाजूला काढून ठेवावेत.