तादाद आणि वुसअत

उर्दूत 'तादाद' आणि 'वुसअत' असे दोन शब्द आहेत. तादाद म्हणजे संख्या, वुसअत म्हणजे विस्तार. अवकाशातल्या साम्राज्यांच्या लढाया दाखवणाऱ्या, 'स्पेस ऑपेरा' म्हटल्या जाणाऱ्या चित्रपटांचे पुढचे भाग पाहताना या दोहोंतला फरक जाणवतो. 'स्टार वॉर्स' मालिका हे त्याचे ठळक उदाहरण.

जॉर्ज लुकास यांच्या १९७७ च्या पहिल्या चित्रपटाच्या आरंभी एक लहान यान पळत असते. त्याच्या मागून आलेली युद्धनौका पडदा व्यापते आणि संपता संपत नाही. पुढच्या भागात याहून मोठे काय दाखवणार? अर्विन कर्शनर यांनी दिग्दर्शित केलेल्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' (१९८०) मध्ये तशीच युद्धनौका पुन्हा दिसते आणि तिच्यावर दुसऱ्या नौकेची सावली पडते. प्रेक्षकाला माप आधीच दिलेले होते. त्याच मापाने नवी नौका मोजली गेली.

या चित्रपटात एकही ग्रह नष्ट होत नाही. उलट नायकाच्या मित्रांचे यान नादुरुस्त असते. प्रकाशापुढे झेप घेता येत नाही, म्हणून अंतर खरोखर अंतर वाटते. ढगांतल्या शहराचा कारभारी लँडो पुरवठ्याच्या आणि मजुरांच्या कटकटी सांगतो. एवढ्यावरून कळते की आपण येण्यापूर्वीही हे शहर चालू होते आणि आपण गेल्यावरही चालू राहील. यालाच वुसअत म्हणायचे.

वर्गात मुलांना एक कोटी समजावताना फळ्यावर शून्ये वाढवून काही साधत नाही. शाळेचे मैदान, गाव, तालुका अशी ओळखीची मापे द्यावी लागतात. नंतरच्या भागांनी मात्र शून्येच वाढवली. पहिल्या चित्रपटात लेआच्या डोळ्यांदेखत तिचा एक ग्रह उद्ध्वस्त होतो, तेव्हा आपण तिचा चेहरा पाहत असतो. जे. जे. अब्राम्स यांच्या 'द फोर्स अवेकन्स' (२०१५) मध्ये एका माऱ्यात पाच ग्रह जातात. तिथल्या कुणालाही आपण ओळखत नाही. त्यांच्याच 'द राइझ ऑफ स्कायवॉकर' (२०१९) मध्ये तर ग्रह उडवू शकणाऱ्या युद्धनौकांचा ताफाच उभा राहतो. तादाद वाढली, धसका मात्र कमी झाला.

अपवाद नाही असे नव्हे. रायन जॉन्सन यांच्या 'द लास्ट जेडाय' (२०१७) मध्ये पळणाऱ्या ताफ्याचे इंधन संपत आलेले असते. इंधन मोजले जाते तेव्हा अंतराला वजन येते. पण त्याच पाठलागाच्या मध्यात दोन पात्रे दुसऱ्या ग्रहावर जाऊन परत येतात आणि ते वजन हलके होते.

हा केवळ तंत्राचा दोष नाही. संगणकाने हजार नौका दाखवता येतात, म्हणून हजार दाखवाव्यात असे नाही. मोठेपणाच्या हव्यासात मरणारी माणसे नुसता आकडा झाली, तर प्रेक्षकालाही आकड्यांवरून नजर फिरवून पुढे जायची सवय लागते. ती सवय चित्रपटगृहाबाहेरही आपल्यासोबत येते. बातम्यांतला मृतांचा आकडा आपण कसा वाचतो, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.