गेम विसरतो तेव्हा

निवडीवर चालणारा व्हिडिओ गेम खेळणाऱ्याला एक वचन देतो: तू जे ठरवशील ते मी लक्षात ठेवीन. कोणाला वाचवलं, कोणाशी खोटं बोललो, याची नोंद ‘फ्लॅग’ म्हणून होते आणि पुढचे संवाद त्या नोंदीवरून ठरतात. नोंद चुकली की गोष्टच खोटी पडते. तरीही परीक्षणांत अशी चूक ‘बग’ म्हणून ‘तांत्रिक बाजू’च्या रकान्यात जाते आणि कथेला गुण वेगळे मिळतात. ही वाटणी मला मुळीच पटत नाही.

‘मास इफेक्ट’मधला कॉनराड व्हर्नर घ्या. पहिल्या भागात (२००७) हा आपण खेळतो त्या कमांडर शेपर्डचा भाबडा चाहता. त्याला समजावून घरी पाठवता येतं, नाहीतर तोंडासमोर बंदूक धरून हुसकावता येतं. दुसऱ्या भागात (२०१०) मात्र, आपण समजावून पाठवलेला कॉनराडसुद्धा बंदूक रोखल्याचीच तक्रार करतो. गेम बंद पडला असता तर पुन्हा सुरू केला असता. इथे तो सुरळीत चालू राहतो आणि न केलेलं कृत्य आपल्या माथी मारतो. तिसऱ्या भागात (२०१२) लेखकांनी कॉनराडलाच त्याबद्दल माफी मागायला लावली. कथेतली चूक कथेतच निस्तरली, याचं मला फार कौतुक वाटतं.

‘बाल्डर्स गेट ३’चं (२०२३) प्रकरण अधिक अवघड आहे. त्यातला जादूगार गेल ओळख होते न होते तोच प्रेमात पडे. लोकांनी तो त्याचा स्वभाव धरला. पुढे हा गेम बनवणाऱ्या लॅरियन स्टुडिओचे स्वेन विंके यांनी सांगितलं, की तो बग होता. मग समीक्षकाने खरा गेल कोणता मानायचा, बग दुरुस्त होण्याआधीचा की नंतरचा? परीक्षणात आवृत्तीचा क्रमांक छापायलाच हवा.

आमच्या घोटीत हा प्रश्न जास्त टोचतो. ‘बाल्डर्स गेट ३’ला १५० जीबी जागा लागते. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर खेळणारा दुरुस्तीचा पॅच उतरवताना दहादा विचार करतो. इगतपुरीच्या पट्ट्यातल्या पावसात वीज गेली आणि नेमका ऑटोसेव्ह चालू असला, तर फाईल अर्धवट राहू शकते. ‘द वॉकिंग डेड’ या गेमच्या दुसऱ्या पर्वाला आधीची फाईल मिळाली नाही, तर मागचे निर्णय गेम स्वतःच कसेही निवडतो. म्हणजे दुसऱ्याच कोणाची तरी गोष्ट पुढे चालू होते. नवी नोंद पूर्ण होईपर्यंत जुनी जपणं हे मला कथालेखनाचंच काम वाटतं.

आपल्याकडच्या गेमचं म्हणाल, तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स स्टुडिओचा ‘राजी’ (२०२०) देखणा आहे, पण त्याची कथा एकाच वाटेने जाते. फाटे फुटणारी गोष्ट मराठीत रचायची तर कस जास्त लागेल. ‘तू आलीस’ की ‘तू आलास’, हे वाक्यावाक्याला आठवावं लागेल. त्याहून नाजूक नातं: दोन प्रसंगांपूर्वी ज्या पात्राने ‘तुम्ही’ म्हणत पाणी पुढे केलं, ते फ्लॅग चुकल्यामुळे एकदम अरेतुरेवर आलं, तर खेळणारा बग शोधणार नाही, आपण याला कुठे दुखावलं, हेच शोधत बसेल.